फोल्डर दिसतो, पण उघडत नाही: घरच्या नेटवर्कविषयी वाचकांचे प्रश्न

घरातल्या घरात फाइल शेअर करण्याबद्दल प्रश्न पाठवताना एक करा: स्क्रीनवर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून पाठवा. 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचताच आले नाही. 'युजरनेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' म्हणजे पोहोचलो, पण ओळख पटली नाही. 'यू डू नॉट हॅव परमिशन' म्हणजे ओळख पटली, परवानगी नाही. पहिल्या दुखण्यावर तिसऱ्याचे औषध दिले, तर फोल्डर घरभर खुला होतो आणि अडचण मात्र जागच्या जागी राहते.

प्रश्न (मुलुंड): राउटरच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावून घरचे फोटो ठेवले आहेत. विंडोज ११ प्रो अपडेट झाल्यापासून ती उघडत नाही. 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे गेस्ट ॲक्सेस बंद आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. कॉम्प्युटर घरचा आहे, ऑफिसचा नाही. पत्नीच्या विंडोज ११ होमच्या लॅपटॉपवर तीच डिस्क उघडते.

उत्तर: संदेशाची भाषा ऑफिससाठी लिहिलेली आहे, त्यामुळे घाबरू नका, तुमच्या मशीनमध्ये कोणी काही बदललेले नाही. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो दोन गोष्टींचा आग्रह धरते. पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून कुठेही जोडायचे नाही, आणि शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही हवी. सहीसाठी लागणारी किल्ली लॉगिनमधून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, म्हणून किल्ली नाही आणि सहीही नाही. होम आवृत्तीत ही सक्ती नाही, म्हणून पत्नीचा लॅपटॉप चालतो.

उपाय राउटरवर करायचा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), यूएसबी शेअरिंगच्या पानावर जा, पासवर्डाशिवाय प्रवेश बंद करा आणि युजरनेम-पासवर्ड ठरवा. काही राउटर ॲडमिनचाच पासवर्ड इथे वापरतात. मग विंडोजमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' (जपून ठेवलेल्या पासवर्डांची जागा) उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मधली राउटरची जुनी नोंद काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ही पायरी गाळली तर विंडोज जुनीच ओळख पुढे करत राहते, आणि बरोबर पासवर्ड असूनही नकार येतो.

आता संदेशात 'एसएमबी १'चा उल्लेख आला, तर राउटर फाइल शेअरिंगची फारच जुनी पद्धत वापरतो आहे. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे 'वॉनाक्राय' पसरले ते याच पद्धतीतल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० मधून ती टप्प्याटप्प्याने काढली जाऊ लागली. 'विंडोज फीचर्स'मधून ती पुन्हा चालू करू नका. राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट मिळते का पाहा. नसेल तर डिस्क काढून एखाद्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथून शेअर करा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) बदल करून गेस्ट चालू करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. ती सूट फक्त तुमच्या राउटरपुरती राहत नाही. लॅपटॉप उद्या जिथे जिथे जोडाल, तिथे तिथे ती लागू होते.

प्रश्न (बोरिवली): वडिलांच्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर उघडताना युजरनेम-पासवर्ड विचारतो. ते रोज चार आकडी पिन टाकतात, तो इथे चालत नाही.

उत्तर: चालणारही नाही. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच स्वीकारला जात नाही. पासवर्ड रिकामा ठेवलेले खातेही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. वडिलांच्या मशीनवर शेअरिंगसाठी वेगळे स्थानिक खाते काढा: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट, पुढे ईमेल विचारेल तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' आणि मग 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हे पर्याय निवडा. त्याला पासवर्ड द्या. हे खाते 'स्टँडर्ड'च ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. लॅपटॉपवर युजरनेमच्या रकान्यात आधी वडिलांच्या कॉम्प्युटरचे नाव, मग उलटी तिरकी रेघ (\), मग खात्याचे नाव लिहा. नुसते खात्याचे नाव लिहिले तर कधी कधी लॅपटॉप ते स्वतःकडचेच खाते समजतो.

प्रश्न (विलेपार्ले): फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याला डेस्कटॉप वायरने जोडला आहे. आतल्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून आमचा राउटर त्याच डब्याला जोडला. त्यावरच्या लॅपटॉपवरून डेस्कटॉप पत्ता टाकून उघडतो, उलट मात्र नाही.

उत्तर: तुमच्या घरात दोन नेटवर्क झाली आहेत. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि लॅपटॉपचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर खात्रीच. आतला राउटर बाहेर जाऊ देतो, बाहेरून आत येऊ देत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम झाले. नसेल तर आधी राउटरचा स्वतःचा पत्ता डब्याच्या रांगेतला पण कोणी न वापरलेला ठेवा, मग त्याचे डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि शेवटी डब्याकडून येणारी वायर 'वॅन'ऐवजी 'लॅन' पोर्टात लावा. क्रम पाळा, डीएचसीपी आधी बंद केले तर राउटरचे पान पुन्हा उघडणे अवघड होते. यानंतर विंडोज हे नवे नेटवर्क समजून 'पब्लिक' ठरवू शकते आणि शेअरिंग अडवते, म्हणून दोन्ही मशीनवर ते 'प्रायव्हेट' करा. फायरवॉल बंद करायची गरज नाही.

प्रश्न (दादर): शेअर केलेल्या फोल्डरमधले बरेचसे फोटो उघडतात, पण काहींवर 'ॲक्सेस डिनाइड' येते.

उत्तर: ते काही फोटो त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून 'कट-पेस्ट' करून आणलेले असणार. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येते. 'कॉपी' केलेली नव्या फोल्डरच्या घेते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड इथे जा. ज्या खात्याने जोडता त्याला परवानगी आहे ना, ते आधी पाहा. मग आतल्या सगळ्या फाइलींच्या परवानग्या या फोल्डरप्रमाणे बदलण्याच्या चौकोनात ('रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट' असे सुरू होणारा) खूण करून 'अप्लाय' करा. 'शेअरिंग' टॅबमधली परवानगी आणि ही, दोन्ही लागू होतात, आणि जी अधिक कडक ती चालते. एकीकडे 'फुल कंट्रोल' देऊन दुसरीकडे फक्त 'रीड' असेल, तर लिहिता येणार नाही.

प्रश्न (गोरेगाव): दुसरा कॉम्प्युटर 'नेटवर्क'च्या यादीत दिसत नाही.

उत्तर: यादीवर अवलंबून राहू नका. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्याचा आयपी पत्ता टाका. उघडला तर शेअरिंग ठीक आहे. न दिसणाऱ्या मशीनवर 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा 'ऑटोमॅटिक' करा. वीज गेल्यावर पत्ता बदलत असेल, तर राउटरमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा.