मुकुटाखालचा आकडा

मुकुट आणि खाली आकडा असलेल्या नाण्यांचे फोटो पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं.

प्रश्न : आजोबांच्या पेटीतल्या चांदीच्या वेड्यावाकड्या नाण्यावर मुकुटाखाली 600 आहे. हे वजन का?

उत्तर : नाही, किंमत. रेइस या पोर्तुगालच्या जुन्या चलनातली.

प्रश्न : पण नाणं स्पेनचं दिसतंय. मग ते खोटं?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटला, लढाई 1668 पर्यंत चालली आणि तिजोरीत खडखडाट. चलनातलं आठ रेआलचं (रेआल हे स्पेनचं जुनं चलन) स्पॅनिश नाणं वितळवून नवं पाडण्याऐवजी त्यावर 1643 मध्ये 480 आणि 1663 मध्ये 600 ठोकलं. चांदी तीच, साधारण 27 ग्रॅम. 480 वरून 600, म्हणजे किंमत 25 टक्के वर. पोर्तुगालच्या स्वतःच्या 400 रेइसच्या क्रुझादोवरही 1663 मध्येच 500 बसलं.

प्रश्न : माझ्याकडे 300 आहे. म्हणजे पोर्तुगीज गोव्याचं नाणं, शेराफीम ना?

उत्तर : शेराफीम 300 रेइसचा, हे खरं. पण तो वेगळा पाडलेला. हा शिक्का पोर्तुगालात चार रेआलच्या नाण्यावर मारलेला.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, शिक्का दुर्मिळ आहे, सराफाने चांदी तपासली आहे, उद्यापर्यंत ठरवा.

उत्तर : उद्यापर्यंत का? ही घाईच मला खटकते. सराफाने सांगितलं ते खरंच असेल, आणि नेमकं तिथंच लोक फसतात. घासलेलं अस्सल नाणं स्वस्तात घ्यायचं, त्यावर नवा शिक्का ठोकायचा : कस बरोबर, वजन बरोबर, खोटा फक्त शिक्का! आधी नाण्यावरचा सन वाचा. मध्यंतरी एकाने मोठ्या कौतुकाने 600 चा शिक्का दाखवला. खालचं नाणं खांबांच्या चित्राचं, सन 1741. शिक्क्यानंतर 78 वर्षांनी जन्मलेलं! मग नाणं उलटवा. जोरात ठोकलेल्या शिक्क्यामागची नक्षी चपटी होते. भिंगातून आकड्याचा तळ पाहा. नाणं काळवंडलेलं आणि तळ मात्र चकचकीत असेल तर हात आखडता घ्या. विक्रेत्यानेच दिलेल्या प्रमाणपत्राला रद्दीचा भाव. आणि एवढं सगळं जुळलं तरी व्यवहाराशी संबंध नसलेल्या नाणेतज्ज्ञाच्या हातात नाणं द्या. फोटोवरून मी कौल देत नाही.

प्रश्न : चिंचेने घासू की टूथपेस्टने?

उत्तर : कशानेच नको.

प्रश्न : वसईला पाया खोदताना अशी सात नाणी मिळाली, तीन महिने झाले. किती येतील?

उत्तर : भाव नंतर. जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. 1878 चा निखात निधी कायदा तसं सांगतो. तीन महिने कशाची वाट पाहिलीत? वकिलाला विचारून आजच पालघरला लेखी कळवा. तोवर नाणी धुऊ नका, भावाभावांत वाटू नका, आणि कुठल्या खड्ड्यात किती खोल मिळाली ते लिहून ठेवा.