नव्या फ्लॅटला जुन्या काळचा लूक द्यायचा आहे. तांब्या-पितळेच्या कोणत्या वस्तू घ्याव्यात आणि कुठून?

तुमचा बेत असा दिसतो: हॉलच्या कोपऱ्यात 'अँटिक फिनिश'चं घंगाळ, किचनच्या फळीवर चार पितळी डबे, वर पिवळ्या उजेडाचे फिलामेंटचे बल्ब, आणि बजेट बेताचं.

बल्बचं आधी उरकते. फिलामेंटसारखे दिसणारे एलईडी घ्या. वीज कमी खातात आणि फारसे तापत नाहीत. बॅकेलाइटचे जुने काळे स्विच भंगारातून आणून भिंतीत बसवू नका. त्याच घाटाचे नवे, आयएसआय मार्कचे मिळतात.

आता घंगाळ. अँटिक फिनिशचं घेऊच नका. तो काळपटपणा वापराने आलेला नसतो. रसायन लावून धातू काळवंडवतात, मग उंचवटे घासून उजळ करतात आणि वर लॅकरचा हात मारतात. असं भांडं चिंचेने घासता येत नाही, कारण लॅकर जातं. त्यात प्यायचं पाणी ठेवू नये, आणि ते आचेवर चढवायचा तर प्रश्नच नाही. म्हणजे भांडं म्हणून त्याचा उपयोग शून्य.

हे इतकं तावातावाने लिहितेय, कारण आमच्या घरात हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. वाडा बिल्डरला दिला तेव्हा माजघरात आणि माळ्यावर पाणी तापवायचा तांब्याचा बंब, हंडे, कळश्या, दोन पराती, सासूबाईंच्या रुखवतातली पातेली असं बरंच होतं. थोरल्या दिरांचं म्हणणं एकच, फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे? आणि एका सकाळी मोडवाला आलाच. बंबाची लोखंडी जाळी आणि पितळेची तोटी त्याने आधी वेगळी काढली, कारण तांब्याचा भाव वेगळा. मग कळश्या आडव्या पाडून घणाने चेपल्या, टेम्पोत जास्त मावाव्यात म्हणून. सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. काट्यावर वजन झालं, पैसे मोजले गेले, संपलं. एक पितळी पातेलं तेवढं राहिलं, कारण त्या वेळी त्यात आमटी शिजत होती.

पुढे काही वर्षांनी त्याच दिरांच्या नव्या घराचं इंटिरियर झालं. वहिनींनी एका शोरूममधून घंगाळ आणलं, त्यात पाणी, पाण्यावर प्लास्टिकची कमळं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक जण त्याचे फोटो काढत होती. किंमत कळली तेव्हा मला बंब आठवला. मोडीत त्याचे एवढे आले नव्हते. माझ्या मुलीने फ्रिजवरचं मॅग्नेट काढून घंगाळाला लावलं, तर ते चिकटून बसलं. तांब्याला आणि पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. आत लोखंडी पत्रा होता आणि वर तांब्याचा मुलामा. दीर म्हणाले, "असेना, दिसतं तर तसंच ना?"

नाही दिसत. हाताने ठोकलेल्या तांब्यावर मठारकामाचे, म्हणजे हातोडीच्या घावांचे, ठसे एकसारखे नसतात, कुठे दाट, कुठे विरळ, आणि बोट फिरवलं तर आतूनही लागतात. ते ठोकणं नुसत्या नक्षीसाठी नसतं, घावांनी पत्रा कडक होतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पेशवाईपासून चालत आलंय आणि आजही बघायला मिळतं. एकदा तिथे जाऊन उभे राहा, मग कोणत्याही शोरूममधला खोटा ठसा लगेच कळेल.

आमचं ते उरलेलं पातेलं मी आजही वापरते. काठाखाली टोच्याने ठिपके मारून सासूबाईंच्या वडिलांचं नाव आणि गाव घातलंय. पूर्वी भांडं घेतलं की नाव घालूनच आणायचे. कल्हई, म्हणजे आतला कथलाचा (टिनचा) थर, उडाली की मी स्वतः ते कल्हईवाल्याकडे नेते आणि काम होईपर्यंत समोर बसते. भांडं आधी आतून स्वच्छ करून घेतात, मग भट्टीवर चांगलं तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी तळाला टेकवली की ती लगेच पाझरते आणि कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे फिरवतात. सगळा खेळ तापमानाचा, आणि हाताच्या वेगाचा. कांडी आधी हातात घ्या आणि जराशी वाकवून बघा. चोख कथील वाकताना करकरतं. शिसं मुकाट वाकतं, आणि शिसं पोटात जाता कामा नये.

तर घ्यायचं काय? रोज हाताशी येईल अशा दोन-तीन वस्तू. कल्हईचं एक जाड बुडाचं पितळी पातेलं, तांब्याचा एक तांब्या किंवा कळशी, आणि देवघर असेल तर समई. डबे घेतलेत तर त्यात डाळ-तांदूळ भरा, रिकामे मांडू नका. घंगाळाची हौसच असेल तर जुनं, खरं घ्या आणि त्यात पाय शेकायचं गरम पाणी घ्या. जुनी भांडी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या परिसरात, नाशिकला भांडी बाजारात आणि मुंबईत तांबाकाट्याला शोधा. चोरबाजारातही मिळतात, पण तिथे 'अँटिक' म्हणून भाव लावतात. भांडं वजनावर मागा. नव्यात धातूचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारा, जुन्यात त्या दिवशीचा मोडीचा भाव आधी माहीत करून घ्या. बंब किंवा कळशी असेल तर पाणी भरून रात्रभर ठेवायला सांगा, झाळलेला जोड गळत असेल तर सकाळी दिसेल. आणि खिशात लोहचुंबक ठेवा.

हो, तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी असेल तर यातलं काहीही तिच्यावर चालणार नाही, गॅसच लागेल. कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचा कोळ ठेवलात तर कळकणारच. आणि घासायला वेळ लागतो, ते कामवाल्या मावशींवर ढकलू नका. हे सगळं नको असेल तर सरळ स्टील वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त लोखंडाला तांब्याचा रंग देऊन त्याला जुनं म्हणू नका.

आणि दुकानात जाण्याआधी आईला, आत्याला, गावाकडच्या काकूला फोन करून माळ्यावर काय आहे ते विचारा. कोणी जागा नाही म्हणून मोडीत घालायला निघालं असेल तर मोडीचा भाव तुम्ही द्या आणि भांडी उचलून आणा. मी तेव्हा हेच म्हणत होते, पैसे घेऊन उभी होते. दिरांना मोडवाल्याचे पैसे चालले, धाकट्या भावजयीचे चालले नाहीत.