एरर 201 आला असेल तर आधी क्रॉन बंद करा

तुमच्या स्क्रिप्टला राईपच्या (युरोप आणि आसपासच्या भागातले आयपी पत्ते वाटणारी संस्था) हूइजकडून, म्हणजे कोणता पत्ता कुणाचा ते सांगणाऱ्या सेवेकडून, ‘एरर 201, अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतोय आणि तुम्ही दोन क्वेऱ्यांमधला स्लीप (थांबायचा वेळ) वाढवत बसलायत, हे वाचून राहवलं नाही. स्लीपने काही साधणार नाही. मर्यादा आहे ती 24 तासांत किती जणांची व्यक्तिगत माहिती तुमच्या आयपीवर गेली याची. नुसता आयपी पत्ता विचारला तरी डेटाबेस त्यामागची पर्सन आणि रोल ऑब्जेक्ट्स (संपर्काच्या माणसांच्या आणि टीमच्या नोंदी) न मागता सोबत पाठवतो. ती 1000 च्या वर गेली की ब्लॉक, आणि असा ब्लॉक वारंवार बसला तर कायमचा. म्हणून ती स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालवणारा क्रॉन आत्ताच थांबवा.

क्वेरीला डॅश आर (-r) हा फ्लॅग लावला की ही मंडळी येत नाहीत. अब्यूजचा, म्हणजे गैरवापराची तक्रार पाठवायचा, ईमेल उत्तरातल्या वरच्या, % ने सुरू होणाऱ्या ओळीत तरीही मिळतो. फक्त तोच हवा असेल तर डॅश बी (-b), पण स्मॉल. कॅपिटल बी (-B) ईमेलसारखे तपशील लपवणारा फिल्टर काढतं, ते वेगळं.

आम्हाला खरा मनस्ताप दिला तो ऑफिसला ब्रॉडबँड देणाऱ्या कंपनीने. न सांगता आम्हाला सीजी-नॅटमागे टाकलं, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांना एकच पब्लिक आयपी वाटून दिला. पब्लिक आयपी एक, त्यामागे गिऱ्हाइकं किती देव जाणे, आणि कोटा सगळ्यांत मिळून एकच. आमच्या क्वेऱ्या डॅश आरनेच जात होत्या, तरी ब्लॉक! सपोर्टचं उत्तर: “साइट उघडतेय ना? मग लाइन ओके आहे.” तिकीट बंद. राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) 100.64 ने सुरू होणारा, म्हणजे सीजी-नॅटसाठीच राखलेला, पत्ता दिसतोय असा स्क्रीनशॉट पाठवला, तर “राउटर रीस्टार्ट करा”. पुन्हा तिकीट बंद. इकडे युरोपातल्या नेटवर्कांना पाठवायच्या तक्रारी तुंबलेल्या आणि ग्राहकाच्या मेल सर्व्हरवर मारा चालूच. शेवटी भाड्याचा व्हीपीएस (व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊन त्याच्या स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीवरून काम सुरू केलं. तेव्हा तुम्हीही आधी वॅनचा पत्ता बघा.

माझ्या मते मुळात डिफॉल्टच बदलायला हवं. कुणाचं नाव आणि फोन मागितल्याशिवाय देऊच नये, मागणाऱ्याने वेगळा फ्लॅग लावावा. अर्थात रात्री दोन वाजता रूट लीकमागे (ट्रॅफिक चुकीच्या नेटवर्ककडे वळण्याचा घोळ) लागलेल्या माणसाला तोच फोन नंबर लगेच हवा असतो, शिवाय साध्या आउटपुटवर चालणारी जुनी टूल्स कोलमडतील. त्यामुळे बदल करायचा तर भरपूर आधी सांगून. हे माझं मत. वापराचे नियम मूळ पानावरच वाचा, आणि मी बोलतोय ते राईपपुरतं. एरिनला (उत्तर अमेरिकेतली तशीच संस्था) हे फ्लॅग चालत नाहीत.

आणखी एक. हजारोंनी पत्ते तपासायचे असतील तर क्वेऱ्या मारूच नका. राईपच्या एफटीपीवर (फाइली उतरवायच्या सर्व्हरवर) इनेटनमची, म्हणजे आयपी पत्त्यांच्या पट्ट्यांच्या नोंदींची, अख्खी फाइल असते. ती रात्री उतरवून घ्या आणि स्वतःच्याच मशीनवर शोधा.