साहसी फँटसीचा नवा संग्रह येतोय? आधी एवढं करा

तलवारी नि जादूटोण्याच्या कथांचं हे पुस्तक हातात पडेपर्यंत तीनच कथा वाचून ठेवा: रॉबर्ट हॉवर्डची 'द टॉवर ऑफ द एलिफंट' (१९३३), सी. एल. मूरबाईंची 'ब्लॅक गॉड्स किस' (१९३४) आणि फ्रिट्झ लायबरची 'इल मेट इन लँखमार' (१९७०). जास्तीची गरज नाही.

हॉवर्डची कथा दोनदा वाचा. सुरुवात थेट चोरवस्तीतल्या गुत्त्यात. ना नकाशा, ना वंशावळ. एका बुरुजातलं रत्न चोरायचं, बस. जग वाचवायला कोणी निघालेलं नसतं. महाकादंबरीच्या सवयीनं आलेले नवखे इथेच 'पार्श्वभूमी कुठाय?' म्हणून अडतात.

बाकी नेहमीच्या चुका:

- हॉवर्डच्या कथांचा नायक कोनन; त्याच्या वयाच्या क्रमानं त्या वाचणं. हॉवर्डनंच तसं लिहिलेलं नाही. १९३२च्या पहिल्या छापील कथेत कोनन राजा आहे, पुढच्या वर्षी पोरसवदा चोर. कुठूनही सुरू करा.
- मिळेल ती जुनी आवृत्ती उचलणं. १९६०च्या दशकातल्या कोननच्या पुस्तकांत इतरांनी फेरफार आणि भर घातली आहे. हॉवर्डची मूळ संहिता असलेली आवृत्ती घ्या.
- अख्खा संग्रह एका बैठकीत संपवणं. चौथ्या-पाचव्या कथेला सगळे मांत्रिक सारखेच वाटू लागतात. रोज एक पुरे.

संग्रह आला की आधी श्रेयनिर्देशाचं पान उघडा. कथेपुढे जुनं साल दिसलं तर ती पुनर्मुद्रित. संपादक दमदार कथा बहुधा सुरुवातीला नि शेवटी ठेवतात. मधली एखादी रटाळ वाटली तर खुशाल सोडा. उपप्रकारांच्या व्याख्यांवरची भांडणं तर सध्या अजिबात नकोत.