बेसबॉलची चित्रं हाच व्यवसाय करायचा असेल तर

आधी चेंडू हाताखाली येऊ द्या. त्यावर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके असतात. ते मोजून काढायची गरज नाही, पण कडेकडे जाताना टाके दाटत गेले पाहिजेत. सारख्या अंतरावर काढले की चेंडू थाळीसारखा चपटा दिसतो.

जुने खेळाडू रंगवणार असाल तर खरी मेहनत रंग शोधण्यात आहे. 1920 च्या आधीचे बहुतेक फोटो ज्या काचांवर टिपले जात, त्या काचा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. लाल मोजे काळे उमटतात, निळी टोपी फिकट. फोटोतल्या करड्या छटांवरून रंग ठरवलात तर हमखास फसाल. त्या हंगामाची वर्तमानपत्रं आणि जपलेले गणवेश धुंडाळा. तारखाही तपासा: न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या पाठीवर नंबर आले 1929 मध्ये. 1927 च्या बेब रूथच्या (यांकीजचा गाजलेला फलंदाज) पाठीवर 3 दिसला की जाणकार संग्राहक चित्राकडे पाठ फिरवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कापडसुद्धा बघा. 1970 पर्यंत लोकरी फ्लॅनेल होतं, म्हणून चुण्या जाड आणि सैल.

पांढरा गणवेश ट्यूबमधल्या कोऱ्या पांढऱ्याने भरू नका. मैदानातल्या मातीचा तांबूस उजेड हनुवटीखाली, टोपीच्या झापेखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला चढतो. तिथे बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगाचा अगदी पुसट हात द्या.

प्रिंट विकण्याआधी परवानग्या घ्या. फोटोचा हक्क छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या संस्थेचा, लोगोचा लीगकडे, आजच्या खेळाडूंच्या चेहऱ्यांसाठी बहुधा त्यांच्या संघटनेकडे जावं लागतं. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही.