ओआरएसचं तासाभराचं प्रशिक्षण: आशय किती, सराव किती

स्लाइड्स नंतर करा. आधी एका वाक्यात लिहा, प्रशिक्षण संपल्यावर आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, काय करून दाखवतील? 'एक लिटर पाणी मोजून त्यात एक लिटरचं अख्खं पाकीट विरघळवतील.' या कृतीला जे लागत नाही, ते माहितीपत्रकात टाका. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषलं जातं, हे २ मिनिटांत सांगून पुढे चला. सरावाला मात्र ४० मिनिटं हवीतच, आणि तोही घरातल्या भांड्यांवर. प्रयोगशाळेच्या मोजपात्रावर शिकलेलं माप घरी तांब्यापाशी अडतं. नेमकी चूक तिथेच होते: पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट. द्रावण तीव्र होतं, बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं. ही चूक मुद्दाम समोर मांडा आणि त्यांनाच पकडू द्या. पण गटचर्चा रंगली आणि २४ तासांनंतर उरलेलं द्रावण ओतून द्यायचं हेच सांगायचं राहिलं, तर ती पद्धतही फसलीच.