आधी माणसाचा दिवस विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

समुपदेशनासाठी शिकायच्या कोर्सची तुझी यादी वाचली. विचारांवर काम करणारी थेरपी, श्वासाचे व्यायाम, ध्यान, चित्रकला, नृत्य, या सगळ्यांचे कोर्स केले की माणसाकडे समग्रपणे बघता येईल असं तुला वाटतं. शीक, जरूर शीक. पण समोरचा माणूस कधी झोपतो, घरात कोणाला घाबरतो, कोणाचं देणं आहे, देवावर रुसलाय का, हे तुला ठाऊक नसेल तर पाचही पद्धती वरवरच्याच ठरतील. जॉर्ज एंगेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ मध्ये मांडलं की आजाराकडे शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती अशा तिन्ही अंगांनी बघायला हवं. परीक्षेत हे सगळ्यांना लिहिता येतं. क्लायंट समोर बसला की मात्र आपला हात आवडत्या तंत्राकडेच जातो.

एक गृहस्थ सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. इथल्या, बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तक्रार एकच, रात्री अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. झोपेच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. कोणीतरी चिंतेचे विचार वहीत लिहायला सांगितलं होतं, तेही त्यांनी मनापासून केलं होतं. मी विचारलं, "जाग आली की हात पहिल्यांदा कुठे जातो?" म्हणाले, "मोबाईलवर." मुलगा टोरांटोला. आपल्या अडीचला तिकडे संध्याकाळचे पाच वाजतात आणि तो कामावरून सुटतो. फोन रोज येत नसे, पण आला तर त्याच सुमाराला. त्याच्या शिक्षणासाठी घर गहाण पडलं होतं आणि हप्त्याचा आकडा बायकोला माहीत नव्हता.

फोनची वेळ आपल्याकडची सकाळ, साडेसात अशी ठरवली. झोप बरीच सुधारली. छातीतली धडधड मात्र हटेना, कारण ती हप्त्याची होती. ती कमी व्हायला आकडा बायकोपुढे उच्चारावा लागणार होता. त्याची तयारी आम्ही वाक्य न् वाक्य केली. कुठे बसायचं, सुरुवात कशी करायची, ती रडली तर काय करायचं. शेवटी ते कमाटीबागेत चालता चालता बोलले. बायको रागावली, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बँकेची कागदपत्रं घेऊन बसली. आता यात शरीर कुठे संपलं, मन कुठे सुरू झालं आणि घर कुठून आलं, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. तुलाही ते काढत बसायची गरज नाही.

शरीराची चौकशी कधीही टाळू नकोस. आपल्याकडे माणूस "मी दुःखी आहे" म्हणत येत नाही. डोकं जड आहे, अंगात त्राण नाही, पोटात गोळा येतो, असं सांगत येतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला फिजिशियनकडे पाठव. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही आणि त्याचा थकवा हुबेहूब उदासीसारखा दिसतो. औषधं लिहून देणं हे आपलं काम नाही, पण ज्याला सायकिॲट्रिस्टची गरज आहे त्याला "आधी बोलून बघू" म्हणत अडकवून ठेवणं हा मला अक्षम्य अपराध वाटतो. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानेच बंद करायच्या नसतात. हे क्लायंटला तू समजावून सांग, कारण दवाखान्यातल्या पाच मिनिटांत ते त्याच्या कानावरून गेलेलं असतं.

ध्यानाबद्दल तुझा उत्साह मला आवडला. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, जानेवारी १९०८ मध्ये, विष्णू भास्कर लेले या योग्यांनी अरविंद घोषांना याच बडोद्यात ध्यानाला बसवलं आणि तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं. पण ते अरविंद होते. मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या मुलीला डोळे मिटून शांत बसायला सांगितलंस, तर कधी कधी तोच प्रसंग तिच्यापुढे उभा राहतो. तिला डोळे उघडे ठेवू दे, पाय जमिनीवर टेकू दे, दाराकडे तोंड करून बसू दे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावायचा, एवढंच शिकवलंस तरी पुष्कळ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून त्याने उतार पडतो. तेही तिला नको वाटलं तर सोडून दे.

बडोद्याची म्हणून एक गोष्ट. आपली मराठी वस्ती लहान, दांडिया बाजारात प्रत्येक जण कोणाचा तरी मावसभाऊ निघतो. लग्नाच्या पंगतीत क्लायंट दिसला तर तू आपणहून ओळख दाखवू नकोस, आणि असं का करशील ते पहिल्याच सेशनमध्ये सांगून ठेव. आणि भाषेकडे कान दे. इथला मुलगा कॉलेजबद्दल इंग्रजीत बोलतो, मित्रांबद्दल गुजरातीत आणि वडिलांचा विषय निघाला की एकदम मराठीत येतो. तिथे थांब, घाई करू नकोस.

आत्मविकासाविषयी तू लिहिलंस त्यावर माझं मत थोडं कडक आहे. रात्र रात्र तळमळणाऱ्याला "या दुःखातून तू घडशील" असं सांगू नये. आधी त्याला झोप लागू दे, जेवण जाऊ दे. मग तो स्वतःच विचारायला लागतो की मला नक्की कसं जगायचंय. तेव्हाही "स्वतःसाठी जगा" हा सल्ला तीन पिढ्या एका छताखाली असलेल्या घरात फार दूर जात नाही. सासऱ्यांना "आज मला जमणार नाही" असं आवाज न चढवता सांगता येणं, ही तिथे मोठी वाढ आहे.

आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचार. विचारल्याने तो डोक्यात भरवला जात नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, घरच्या विश्वासातल्या माणसाला आणि सायकिॲट्रिस्टला त्याच दिवशी सामील करून घे. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या नंबरावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं. हा नंबर प्रत्येकाला लिहून दे, गरज वाटो वा न वाटो.

तो इंजिनिअरिंगचा मुलगा, ज्याच्यासाठी कोणती पद्धत वापरू असं तू विचारलंस, त्याच्याबद्दल पुढच्या भेटीत बोलू. तोवर त्याला कालचा अख्खा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लाव आणि मध्ये बोलू नकोस. नोंदी घेऊन ये, नाव-गाव खोडून.

तुझी,
बाई